खिळ्याचे भोक आणि फरशीचे चौकोन: फ्लॉरेन्स ते मिलान

प्रबोधनकाळातल्या इटालियन चित्रांवर लाल-पिवळ्या रेषा मारून त्यांतली ‘गुप्त भूमिती’ उलगडून दाखवणारी पाने आपण सर्वांनीच पाहिलेली असतात. कुठे मोनालिसाच्या चेहऱ्यावर सुवर्ण गुणोत्तराचे (१ : १.६१८ या प्रमाणाचे) वेटोळे घातलेले असते, कुठे एखाद्या मॅडोनाभोवती, म्हणजे मेरीच्या चित्राभोवती, पंचकोन काढलेला असतो. माझे मामा सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेतून चित्रकलाशिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांकडून कर्तव्यभूमिती घटवून घेण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे अशा रेषांवर त्यांचा फारसा विश्वास नाही. पट्टी पुरेशी जाड असली की कोणत्याही चित्रात कोणतीही रेषा सापडते, असे ते म्हणतात. तेव्हा चित्रकारांनी स्वतःच मागे ठेवलेली भूमिती, म्हणजे गिलाव्यात कोरलेल्या रेषा, खिळ्यांची भोके, फरशीचे चौकोन आणि त्यांनीच लिहिलेले ग्रंथ, एवढ्याचाच माग काढायचा असे ठरवून ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघे फ्लॉरेन्सला उतरलो. तिथून आरेत्सो, मोंतेर्की, सानसेपोल्क्रो, उर्बिनो आणि शेवटी मिलान, असा मार्ग होता.

मंगळवार, फ्लॉरेन्स

सुरुवात सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चच्या दर्शनी भिंतीपासून केली. पांढऱ्या आणि हिरव्या संगमरवराची ही भिंत लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती या वास्तुकाराची. भिंतीवरच्या पट्टीत खर्च उचलणाऱ्या जोव्हान्नी रुचेल्लाईचे नाव आणि १४७० हे साल ठळक अक्षरांत कोरलेले आहे. संपूर्ण दर्शनी भाग एका चौरसात बसतो, वरचा मजला त्याच्या निम्म्या बाजूच्या चौरसात, आणि खालचा मजला तसल्याच दोन चौरसांत. सगळी मांडणी एकास एक आणि एकास दोन अशा साध्या प्रमाणांची आहे. समोरच्या चौकातल्या बाकावर बसून मामांनी ती पेन्सिलने वहीत उतरवली, आणि शेजारी बसलेल्या एका आजीबाईंनी वही मागून घेऊन शेवटपर्यंत न्याहाळली.

आत डाव्या भिंतीवर मासाच्चोचे ‘त्रिमूर्ती’ हे भित्तिचित्र आहे, साधारण १४२७ चे. उंची साडेसहा मीटरहून अधिक. क्रुसावरचा ख्रिस्त, मागे पिता ईश्वर, दोन्ही बाजूंना मेरी आणि जॉन, आणि या सर्वांवर चौकटी-चौकटींचे अर्धगोल छत, जे भिंतीत खोल खोदले आहे असेच वाटते. चित्रासाठी पैसे देणारे दांपत्य बाहेरच्या पायरीवर गुडघे टेकून बसले आहे. छताच्या सगळ्या रेषा या पायरीच्या आसपास, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर एका बिंदूत मिळतात. आपला गवंडी खिळा ठोकून सूत मारतो तसे इथे ओल्या गिलाव्यावर सूत मारले गेले, आणि टोकदार अवजाराने कोरलेल्या रेषा अजून तशाच आहेत. बाजूने उजेड पडला की छताच्या भागात त्या दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात.

मामा उंचीने बेताचे आहेत. मधोमध उभे राहून ते टाचा वर करून पाहत, मग टाचा टेकून पाहत, आणि छत किंचित बदलते आहे असे ठामपणे सांगत. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट अधिक जाणवली. छत खालून पाहिल्यासारखे आहे, पण ईश्वर आणि ख्रिस्त मात्र समोरून, सरळ, जराही न आखडता रंगवले आहेत. म्हणजे गणित वास्तूला लागू आहे, देवाला नाही. ही सवलत चुकून दिली गेली आहे असे वाटत नाही, कारण पुढे पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या चित्रकारानेही ती घेतलेली दिसली.

या चित्राचे नशीबही विलक्षण आहे. सोळाव्या शतकात वासारीने, म्हणजे चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या चित्रकार-वास्तुकाराने, चर्चचे नूतनीकरण करताना त्याच्यापुढे वेदी उभारली आणि चित्र झाकले गेले. १८६० मध्ये ते सापडल्यावर वरचा भाग काढून दुसऱ्या भिंतीवर नेण्यात आला. खालचा सांगाडा, ज्याच्यावर ‘तुम्ही आहात तो मी होतो, मी आहे ते तुम्ही व्हाल’ अशा आशयाचा लेख आहे, तो विसाव्या शतकाच्या मध्यावर उघडकीस आला आणि मग दोन्ही भाग पुन्हा एकत्र आले.

संध्याकाळी कॅथेड्रलच्या मुख्य दारापाशी गेलो. याच दारात उभे राहून ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने समोरच्या बाप्तिस्मागृहाचे चित्र काढले आणि चित्राच्या फळीला भोक पाडले. पाहणाऱ्याने फळीच्या मागून भोकाला डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्र पाहायचे, असा तो प्रयोग होता. फळी हरवली, पण वर्णन उरले आहे. यथादर्शनाची, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवण्याच्या भूमितीची, सुरुवातच अशी, की प्रेक्षकाचा डोळा कुठे असावा हे चित्रकाराने ठरवून टाकले.

*जेवणाविषयी:* शाकाहारी माणसाची फ्लॉरेन्समध्ये आबाळ होत नाही. पाव, पांढरे घेवड्याचे दाणे आणि काळसर पानकोबी यांचे रिबोलित्ता हे दाट सूप बहुतेक खानावळींत मिळते. इथला पाव बिनमिठाचा असतो. मामांनी पहिल्याच घासाला खिशातली शेंगदाण्याची चटणी बाहेर काढली, आणि वाढणाऱ्या मुलाने चाखून पाहिल्यावर ती टेबलाबाहेरही गेली.

बुधवार, उफीत्सी

उफीत्सी हे चित्रसंग्रहालय सोमवारी बंद असते, आणि वेळेचे तिकीट आधी काढले नाही तर अर्धा दिवस रांगेत जातो. एवढे सांभाळले की पुढे सगळे सुखाचे आहे.

उच्चेल्लोच्या ‘सान रोमानोची लढाई’मध्ये जमिनीवर पडलेले मोडके भालेसुद्धा लोपबिंदूकडे, म्हणजे चित्रातल्या आत जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात त्या बिंदूकडे, तोंड करून शिस्तीत पडलेले आहेत. रणांगणावर एवढी टापटीप कोण ठेवतो, असे मामांनी विचारले तेव्हा मागे उभ्या असलेल्या नागपूरच्या एका मराठी कुटुंबाने वळून पाहिले, आणि पुढची दोन दालने आम्ही सगळे एकत्र फिरलो.

दिवसातले आश्चर्य मात्र लेओनार्दोने तरुणपणी, १४७२ च्या सुमारास काढलेल्या ‘शुभवार्ते’ने, म्हणजे देवदूत मेरीला येशूच्या जन्माची वार्ता देतो त्या प्रसंगाच्या चित्राने, दिले. समोरून पाहिले तर मेरीचा उजवा हात पोथीपर्यंत पोचवण्यासाठी ओढून ताणून लांब केलेला वाटतो. चित्र उजव्या बाजूने आणि जरा खालून पाहिले जावे अशा बेताने रचले गेले असावे, असा एक तर्क आहे. मी उजवीकडे जाऊन वाकून पाहिले, तेव्हा हात आखूड झाला, चबुतरा जागेवर आला आणि मेरी थोडी मागे सरकली. रखवालदारबाई हसल्या. असे वाकणारे त्यांना रोज दिसत असणार.

पिएरो देल्ला फ्रान्चेस्काची पहिली भेटही इथेच झाली. उर्बिनोचा सत्ताधीश फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो आणि त्याची पत्नी बात्तिस्ता स्फोर्त्सा यांचे जोडचित्र. एका झुंजीत उजवा डोळा गमावल्यामुळे फेदेरिको नेहमी डाव्या बाजूनेच दिसतो. दोघांच्या मागे एकच दरी पसरली आहे आणि क्षितिज एका चौकटीतून दुसरीत अखंड जाते. ते डोंगर आम्हाला शनिवारी भेटणार होते.

गुरुवार, आरेत्सो

सान फ्रान्चेस्को चर्चमधल्या बाच्ची चॅपेलमध्ये मोजक्याच लोकांना ठरावीक वेळेला सोडतात, त्यामुळे आरक्षण आधीच करावे आणि दुर्बीण विसरू नये. पिएरोने इथे १४५२ नंतरच्या दीड दशकात ‘खऱ्या क्रुसाची कथा’ रंगवली. पुस्तकात वाचताना माझा नेहमी गोंधळ होई, कारण प्रसंग काळाच्या क्रमाने येत नाहीत. प्रत्यक्ष मध्यभागी उभे राहिल्यावर क्रम का मोडला ते कळले. तळाला दोन्ही भिंतींवर समोरासमोर दोन लढाया आहेत. त्यांच्या वर एका बाजूला, पुढे ज्याचा क्रूस होणार त्या लाकडापुढे गुडघे टेकणारी शेबाची राणी, तर दुसऱ्या बाजूला क्रूस शोधून काढणारी सम्राज्ञी हेलेना. सर्वांत वर एकीकडे आदमचा मृत्यू आणि दुसरीकडे क्रुसाचे जेरुसलेममध्ये परतणे, दोन्ही मोकळ्या आकाशाखाली. पिएरोने काळाचा क्रम सोडून भिंतींचा समतोल धरला. कथा सांगायला बसलेल्याला हे पटणार नाही, पण चॅपेलच्या मधोमध उभ्या असलेल्याला लगेच पटते.

शेबाच्या राणीच्या प्रसंगात एक खांब चित्राचे दोन भाग करतो. डावीकडे उघडा माळ, उजवीकडे सॉलोमनचा दिवाणखाना. दोन्हींकडच्या दासींचे चेहरे दुर्बिणीतून निरखत गेले, तर काही चेहरे आरशातले वाटतात. कारण खाका एकच आहे. कागदावरच्या रेषांना भोके पाडून त्यावरून कोळशाची पूड आपटायची, म्हणजे गिलाव्यावर ठिपके उमटतात, आणि तोच कागद उलटा केला की चेहरा दुसरीकडे पाहू लागतो. मामांना हे फार आवडले. “आळस नव्हे गं हा, हिशेब आहे,” असे म्हणून त्यांनी खाली लढाईतल्या घोड्यांवर दुर्बीण वळवली.

वेदीच्या भिंतीवरच्या ‘शुभवार्ते’त खांब आणि आडवी पट्टी मिळून चित्राचे जवळजवळ चार चौकोन पाडतात. एकात देव, एकात देवदूत, एकात मेरी आणि उरलेल्यात खिडकी. क्रूस अजून कथेत यायचा आहे, पण चित्राचा सांगाडा आताच क्रुसाचा झालेला आहे. अशी भूमिती मला मान्य आहे, कारण ती शोधायला पट्टी लागत नाही, खांब आणि कठडा तिथे रंगवलेलेच आहेत.

रात्री पाऊस लागला. लसूण-टोमॅटोच्या सॉसमधल्या पिची या जाड हातवळ्या शेवया खाल्ल्या आणि लवकर झोपलो.

शुक्रवार, मोंतेर्की आणि सानसेपोल्क्रो

मोंतेर्की हे टेकडीवरचे चिमुकले गाव. इथल्या जुन्या शाळेच्या इमारतीत केवळ एका चित्रासाठी संग्रहालय केले आहे, ते म्हणजे पिएरोची गर्भवती मॅडोना. तंबूचा पडदा दोन देवदूत दोन्ही बाजूंना धरून आहेत. तेही एकाच खाक्याचे, एक सुलटा, एक उलटा. एकाचा झगा हिरवा आणि मोजे लाल, दुसऱ्याचा झगा लाल आणि मोजे हिरवे. या काटेकोर समतोलाच्या मधोमध मेरी उभी आहे, आणि ती मात्र सममित नाही. तिने अंग किंचित वळवले आहे, एक हात कमरेवर, दुसरा पोटावरच्या झग्याच्या फटीवर. देवदूत इतके तंतोतंत जुळवले नसते, तर तिचे हे वळणे लक्षातही आले नसते. गरोदर स्त्रियांना इथे प्रवेश मोफत आहे, आणि आमच्या पुढे एक तशी मुलगी खुर्ची घेऊन बराच वेळ बसली होती.

दुपारी सानसेपोल्क्रोला पोचलो. हे पिएरोचे जन्मगाव, आणि १२ ऑक्टोबर १४९२ रोजी तो इथेच वारला. लुका पाचोलीही इथलाच. अकरावी वाणिज्यच्या पुस्तकात द्विनोंदी पद्धतीच्या संदर्भात ज्याचे नाव येते तोच हा संन्यासी. त्याचा पुतळा गावात आहे. १५०९ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ‘दिव्य प्रमाण’ या त्याच्या ग्रंथात सुवर्ण गुणोत्तराचे कौतुक आहे आणि बहुफलकांच्या आकृत्या लेओनार्दोच्या आहेत. एवढ्यावरून ‘लेओनार्दोची चित्रे सुवर्ण गुणोत्तरावर’ ही समजूत पसरली. प्रत्यक्षात हे गुणोत्तर चित्रांत वापरा असे पाचोली सांगत नाही, आणि वास्तूंसाठी तर तो व्हिट्रुव्हियस या प्राचीन रोमन वास्तुकाराच्या परंपरेतली साधी प्रमाणेच पुढे ठेवतो. उलट पिएरोचे गणित पाचोलीने आपल्या नावावर खपवले, असा वासारीचा आरोप आहे. पिएरोने स्वतः अंकगणितावर, पाच नियमित घनाकृतींवर आणि यथादर्शनावर ग्रंथ लिहिले. चित्रकाराच्या हातात किती भूमिती होती हे पाहायचे तर पुरावा तिथे आहे.

नगर संग्रहालयात ‘पुनरुत्थाना’समोर बाक आहे. थडग्याच्या कडेवर एक पाय ठेवून उभा ख्रिस्त, खाली झोपलेले चार शिपाई. थडगे आणि शिपाई खालून पाहिलेले, ख्रिस्त मात्र डोळ्याला डोळा भिडवून समोरून. इथेही तीच सवलत. शिपाई हा त्रिकोणाचा पाया आणि ख्रिस्ताचे मस्तक शिखर, हे कुणीही सांगेल. पण जरा जवळ गेल्यावर मामांनी भाला धरून बसलेल्या शिपायाकडे बोट दाखवले. त्याला पायच नाहीत. रचनेत जागा उरली नाही, तेव्हा पिएरोने पाय सरळ गाळले, आणि आपण तासभर पाहूनही ते लक्षात येत नाही. डावीकडची झाडे निष्पर्ण, उजवीकडची पालवलेली आहेत.

हे जगातले सर्वश्रेष्ठ चित्र असल्याचे वाचलेले आठवून १९४४ मध्ये अँथनी क्लार्क या ब्रिटिश तोफखाना अधिकाऱ्याने गावावरचा मारा थांबवला. गावाने त्याचे नाव एका रस्त्याला दिले आहे.

शनिवार, उर्बिनो

वेळापत्रकात दिसणारी बस त्या दिवशी आलीच नाही. शेवटी टॅक्सी केली, खिसा हलका झाला, पण बोक्का त्राबारिया खिंडीचा, हजार मीटरवरून जाणारा रस्ता लाभला. खिंडीत धुके होते, पलीकडे उतरताना ते फाटले आणि उफीत्सीतल्या जोडचित्रामागचे गोलसर, सुटे सुटे डोंगर एकेक करून वर येऊ लागले. चालक सांत आंजेलो इन व्हादोचा. पांढऱ्या ट्रफल या अळंबीचा हंगाम सुरू आहे, तुम्ही मंडळी चित्रे कसली पाहता, असे त्याचे म्हणणे पडले.

*येणाऱ्यांसाठी:* उर्बिनोला रेल्वे नाही. पेसारोपर्यंत रेल्वेने येऊन पुढे बस धरणे सोयीचे. इथली क्रेश्चा ही पदर सुटलेली पोळी जरूर खावी, पण पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते, म्हणून शाकाहारी लोकांनी विचारूनच घ्यावी.

फेदेरिकोच्या राजवाड्यातच चित्रसंग्रह आहे. ‘फटक्यांची शिक्षा’ हे पिएरोचे चित्र इतके लहान असेल असे वाटले नव्हते, ५८.४ गुणिले ८१.५ सेंटीमीटर. मामांनी वहीत भागाकार केला. उत्तर १.४ च्या आसपास आले, म्हणजे दोनच्या वर्गमुळाच्या जवळ, आणि सुवर्ण गुणोत्तराच्या १.६१८ पासून चांगलेच दूर. त्यांचा चेहरा दिवसभर प्रसन्न होता.

डावीकडे आत, खांबाला बांधलेला ख्रिस्त आणि फटके मारणारे. उजवीकडे अगदी पुढे, आपल्याच गप्पांत असलेले तिघे. हे तिघे कोण यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत, त्यात मी भर घालत नाही. मला फरशी पाहायची होती. पुढच्या दालनात लाल फरश्यांचे आठ गुणिले आठ असे चौकोन, मध्ये पांढऱ्या पट्ट्या. ख्रिस्ताच्या दालनात मात्र फरशीची नक्षी बदलते आणि खांब एका गडद वर्तुळाच्या मधोमध उभा राहतो. दृष्टिपातळी खूप खाली असल्यामुळे ही फरशी इतकी चपटी दिसते की डोळ्यांना तिचा नुसता पट्टा जाणवतो. पण पिएरोने तो अंदाजाने रंगवलेला नाही. १९५३ मध्ये विटकॉवर आणि कार्टर या अभ्यासकांनी चित्रावरून उलटे गणित मांडून संपूर्ण आराखडा काढला, तेव्हा जमिनीवरची नक्षी नीट जुळून आली. कुणाला दिसणारही नाही अशी फरशी त्याने पूर्ण घातली होती. ‘गुप्त भूमिती’ हे नाव द्यायचे तर या फरशीला द्यावे. ख्रिस्ताच्या डोक्यावरचा छताचा एक चौकोन झगझगीत उजळला आहे आणि त्या प्रकाशाचा उगम दिसत नाही, हेही मूळ चित्रासमोरच कळते. १९७५ मध्ये हे चित्र इथूनच चोरीला गेले होते आणि पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये सापडले.

शेजारच्या ‘आदर्श नगर’ या लांबट चित्रात माणूस नावाला नाही. मधोमध वर्तुळाकार मंदिर, त्याचे दार अर्धवट उघडे, आणि साऱ्या रेषा त्या दाराशी जातात. मग फेदेरिकोची अभ्यासिका. कपाटे, अर्धी उघडी झडपे, पुस्तके, खगोलयंत्र, फळांची टोपली आणि शेजारी खार, हे सगळे सपाट लाकडी तुकडे जोडून केलेले आहे. मामांनी कपाटाच्या दाराकडे हात नेला, आणि रखवालदाराच्या खाकरण्याने मागे घेतला.

मिलान

रविवार पेसारोहून रेल्वेने मिलान गाठण्यात गेला. सोमवारी ब्रेरा हे चित्रसंग्रहालय आणि लेओनार्दोचे ‘अंतिम भोजन’ दोन्ही बंद असतात, म्हणून तो दिवस सान सातिरो चर्चला दिला, आणि ते फार बरे झाले. ते उभारणारा वास्तुकार ब्रामान्ते उर्बिनोच्या परिसरातला. इथे वेदीमागे रस्ता असल्याने गाभाऱ्याला जागाच नव्हती, तेव्हा त्याने जेमतेम मीटरभर खोलीत संपूर्ण खोल गाभाऱ्याचा भास उभा केला. दारातून पाहिले की खांबांची रांग आत जाते. कडेने चालत वेदीपाशी पोचले की सगळे चिरडून भिंतीला चिकटते. पाहणाऱ्याने जागा सोडली की भूमिती मोडते, हे लहान मुलालाही समजेल अशा रीतीने दाखवणारी जागा हीच, आणि तिकीटही लागत नाही.

मंगळवारी सकाळी ब्रेरा. पिएरोच्या मोठ्या वेदीचित्रात शिंपल्याच्या घुमटीतून एक अंडे टांगले आहे. ते मॅडोनाच्या डोक्यावरच लोंबते असे प्रथम वाटते. मग छताच्या चौकटी मोजाव्या, प्रकाशाची रेघ पाहावी, आणि लक्षात येते की घुमटी बरीच मागे आहे, म्हणून अंडे तिच्यापासून कितीतरी दूर आणि आकाराने मोठे असले पाहिजे. गुडघे टेकलेल्या फेदेरिकोच्या चिलखतात खिडकीचा उजेड चमकतो. याच संग्रहालयात राफाएलचे १५०४ चे ‘मेरीचा विवाह’ आहे, ज्यात रेषा मंदिराच्या उघड्या दारातून आरपार आकाशात निघून जातात. उर्बिनोत वाढलेल्या मुलाने हे काढावे यात नवल नाही.

दुपारी ‘अंतिम भोजन’. तिकिटे महिनोन्‌महिने आधी संपतात आणि आत पंधराच मिनिटे मिळतात. १४९५ ते १४९८ दरम्यान रंगवलेले हे चित्र ४६० गुणिले ८८० सेंटीमीटरचे आहे. लोपबिंदू ख्रिस्ताच्या उजव्या कानशिलावर, आणि तिथेच, जिथून सूत ताणले गेले, त्या खिळ्याचे भोक सापडले आहे. बारा शिष्य तिघा-तिघांच्या चार गटांत, ख्रिस्त स्वतः त्रिकोणात. पण खरी गंमत दृष्टिपातळीची आहे. ती मूळ जमिनीपासून सुमारे साडेचार मीटर उंच आहे, म्हणजे या भोजनगृहात जेवणारा एकही साधू योग्य जागी डोळा नेऊ शकत नव्हता. मासाच्चोने दृष्टिपातळी पाहणाऱ्याच्या उंचीवर आणून ठेवली, तर लेओनार्दोने ती त्याच्या आवाक्याबाहेर नेली. म्हणूनच भिंतीवरच्या खोलीत आपण शिरू शकत नाही, आणि तरी मेजावरची ताटे वरून दिसतात.

पंधरा मिनिटांतली दोन मिनिटे पाठ फिरवून समोरच्या भिंतीसाठी ठेवावीत. तिथे मोंतोर्फानोचे १४९५ चे ‘क्रूसारोहण’ आहे. ओल्या गिलाव्यावरच्या पक्क्या पद्धतीने रंगवल्यामुळे ते लेओनार्दोच्या चित्रापेक्षा कितीतरी चांगले टिकले आहे. आमच्या गटात तिकडे वळून पाहणारे मामा आणि एक जपानी विद्यार्थिनी, एवढेच होते.